ब्रह्मचाऱ्याचा मांडव

काकांच्या शेतावर लग्नाला जाताना सूट घालायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसमधल्या एका मुलाचं लग्न होतं आणि पत्ता अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावापासून पाऊण तासावरचा होता. जीपीएसनं डांबरी रस्ता सोडायला लावला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. लाल मातीचा रस्ता संपला तिथं एक भलामोठा लाकडी गोठा, त्याच्यापुढे गवतात वाटेल तशा लावलेल्या पन्नासेक गाड्या, आणि दारात निळी डंगरी आणि डोक्याला पांढरी टोपी घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ, ज्यांना पुढे आम्हीही सगळ्यांसारखं काकाच म्हणू लागलो. त्यांनी नमस्कार केला नाही, हॅलो म्हटलं नाही. माझ्या टायकडे एकदा पाहिलं आणि माझ्या हातात एक घडीची लाकडी खुर्ची दिली.

"ही तुझी. वाटंल तिथं मांड. आन् ही दुसरी त्या म्हातारीला नेऊन दे, ती बघ, जांभळ्या टोपीवाली. तिचे गुडघे गेलेत."

मी दोन्ही खुर्च्या घेऊन, बुटांना लाल चिखल लावत, गोठ्यात शिरलो. नंतर कळलं की हा त्यांचा नियमच होता. प्रत्येकानं काहीतरी उचलायचं. नवऱ्याच्या बॉसनं, वकिलानं, पुण्याहून आलेल्या आत्यानंसुद्धा. काका म्हणायचे, "लग्न बघायला येऊ नये. लग्न लावायला यावं. बघायला टीव्ही हाय की घरी."

ते स्वतः बिनलग्नाचे होते.

का, ते विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. मला एकदा म्हणाले, "मुलगी बघायला गेलो, तिच्या बापाच्या शेताची माती बघत बसलो, मुलगी बघायची राहिली." माझ्या बायकोला म्हणाले होते, "कांदेपोहे फार खारट होते." माझ्या मुलीला, सईला, सांगितलं की मी तुझी वाट बघत होतो पण तू उशिरा जन्मलीस. खरं काय ते फक्त अर्लना माहीत असावं. त्यांच्याविषयी पुढे सांगतो.

काका मूळचे कराडकडचे. मातीचा अभ्यास करायला इथल्या विद्यापीठात आले आणि पुढं सगळी नोकरी त्यांनी माती तपासण्यात काढली. शेतकरी पिशवीतून मूठभर माती आणायचे आणि काका सांगायचे, चुना टाक, पालाश टाक, यंदा तंबाखू नको. त्यामुळे माणूस भेटला की ते आधी गाव विचारायचे आणि मग त्याची माती सांगायचे. कोकणातला असेल तर "जांभा! पाऊस पडला की वाहून गेला. राग टिकत न्हाई तुमचा." मी नागपूरचा म्हटल्यावर डोळे बारीक करून म्हणाले, "काळी. वरनं काय कळत न्हाई. आत पाणी धरून बसती आन् उन्हाळ्यात एकदम भेगा." आम्ही सगळे हसलो. मला ते कौतुकच वाटलं होतं.

त्यांच्याकडे लग्न म्हणजे अगदी सैल काम. गोठ्याची दारं दोन्ही बाजूंनी उघडी. गवताच्या गठ्ठ्यांवर जुन्या गोधड्या टाकून केलेली बसायची जागा. काचेच्या बरण्यांतून गोड गार चहा. कुणी कुठं बसायचं याची यादी नाही, येताय का म्हणून विचारणारं कार्ड नाही. "गाड्या मोजतो की मी," काका म्हणायचे, "आन् पिठल्यात पाणी वाढवतो." हे पिठलं ते स्वतः करायचे, बिडाच्या अजस्र कढईत, अंगणातल्या चुलीवर, लाकडाच्या वल्ह्यानं ढवळत. इथल्या गोऱ्या म्हाताऱ्या मक्याच्या पावाशी ते खायच्या आणि जाताना रेसिपी मागायच्या. मंगलाष्टकंही काकाच म्हणायचे. सूर नावाची गोष्ट त्यांच्या गळ्यात नव्हती, पण आवाज असा की शेजारच्या रानातली हरणं कान टवकारत असतील. शेवटी 'सावधान' झालं की गर्दीतून अर्ल खणखणीत आवाजात 'एमेन' म्हणायचे. मग बँजो सुरू.

तंबू मात्र ते लावू द्यायचे नाहीत. पाऊस आला तर? "तर भिजायचं. नवरा-बायको हुनार हायती का मिठाचे खडे?"

भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. त्याऐवजी एक अट होती. साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या जावयानं आणि मुलीच्या बापानं मिळून कुंपणासाठी एक खड्डा खणायचा आणि त्यात एक खांब उभा करायचा. फक्त दोघांनी. मुलीला बाप नसेल तर आई, आई नसेल तर मामा. इथली लाल चिकणमाती विटेसारखी असते, फावडं आत जायला तयार नसतं. दहा मिनिटांत दोघांचे कोट निघायचे, वीस मिनिटांत दोघं एकमेकांना शिव्या देण्याइतके जवळ यायचे. काका बाजूला उभे राहून मिशीत हसायचे. "ज्याच्यासंगं खड्डा खणलाय त्याच्याशी भांडताना माणूस जरा दमानं घेतो," ते म्हणायचे.

आता अर्ल. काकांच्या बांधाला बांध लागून त्यांची जमीन. पिढीजात शेतकरी, तंबाखूवाले, सहा फूट उंच, बोलणं मोजकं आणि मधासारखं लांबत जाणारं. काका प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हा ते मातीच्या पिशव्या घेऊन यायचे. शेजारची बारा एकर विकायला निघालीय हे काकांना त्यांनीच सांगितलं. काकांनी ती घेतली तेव्हा आजूबाजूच्या काही जणांना ते रुचलं नव्हतं. कोण हा, कुठला, इथं काय करणार, अशी कुजबुज झाली. एका रविवारी चर्चमधून सगळे बाहेर पडत असताना अर्लनी काकांच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा माणूस आहे." बस, एवढंच. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

ही गोष्ट काकांनी मला तीन-चार वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी शेवटी म्हणायचे, "घरच्यांनी सुदिक मला असं चारचौघांत म्हटलं न्हवतं रं."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता अर्ल बांध ओलांडून कॉफीला यायचे. तीसहून जास्त वर्षं. दोघं पायरीवर बसायचे आणि बहुतेक वेळ काहीच बोलायचे नाहीत. अर्लची बायको गेली, मुलं पांगली, एक मुलगी तेवढी नातवाला घेऊन जवळ राहिली. काकांचं तर इथं कुणीच नव्हतं. काकांचं घरदार म्हणजे अर्लच होते.

त्या पहिल्या दिवसानंतर आम्ही तिथले होऊन गेलो. सई कॉलेजात होती. तिला इथल्या मराठी मंडळाचा गणपती कंटाळवाणा वाटायचा, पण काकांकडचं कुणाचंही लग्न ती सोडायची नाही. तिथंच तिची आणि अर्लच्या नातवाची, वेस्लीची, गाठ पडली. तो तेव्हा गुराढोरांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. दोघांचं जमलंय हे आम्हाला कळायच्या आधी काकांना कळलं होतं. मी रागावून म्हटलं, "काका, मला सांगायचं नाही का?" तर म्हणाले, "बी पेरल्यावर रोज उकरून बघायचं नसतंय."

मे महिन्यात त्यांचा साखरपुडा गोठ्यातच झाला. वेस्लीनं आणि मी खांब रोवला. माझ्या तळहाताला फोड आले, त्याच्या कपाळावर माझ्या फावड्याचा दांडा लागला. अर्लनी पहाटेपासून धुरावर मांस शिजवलं होतं, काकांनी पिठलं. माझी बायको नऊवारी नेसून गवताच्या गठ्ठ्यावर बसली होती आणि जांभळ्या टोपीवाली म्हातारी तिच्या नथीला हात लावून बघत होती. लग्न ऑक्टोबरात, इथंच, असं ठरलं. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुलं विकत आणू नकोस. मी अर्धा एकर झेंडू लावतो. मांडवाला, तोरणाला, सगळ्याला पुरंल." आणि मग म्हणाले, "अर्लच्या घरातलं आन् आपल्या घरातलं लग्न हाय हे. माझं हे पहिलंच घरचं कार्य."

मला तेव्हा गहिवरून आलं होतं. ते खोटं नव्हतं.

जुलैमध्ये नागपूरला दादाला व्हिडिओ कॉल केला. दादा माझा मोठा भाऊ. वडील गेल्यानंतर त्यानं मला शिकवलं, वाढवलं, त्याचा शब्द मी कधी मोडला नाही. घरचे अठरा जण लग्नाला येणार होते. मी हौसेनं गोठ्याचे फोटो दाखवले. दादा चष्मा वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "अबे, तू इतकी वर्षं अमेरिकेत राहून पोरीचं लग्न गोठ्यात लावून राहिला का?"

मागे वहिनी हसली. पुतण्या मला म्हणाला, "काका, म्हशी पण असतील का?" सगळे हसले, मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर मी ते फोटो पुन्हा एकटाच बघत बसलो. पुढचे आठ दिवस मला गोठ्याच्या छपरातली गळकी फट दिसायला लागली, पोर्टेबल संडास दिसायला लागले, माझ्या ऑफिसातले डायरेक्टर हातात खुर्ची घेऊन उभे दिसायला लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात कुणाचं तरी कॅन्सल झालं आणि हॉल रिकामा झाला. मी बुक करून टाकला.

सईला आणि बायकोला मी म्हटलं, "काकांना आता झेपत नाही. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलंय. आपण आग्रह केला तर ते नाही म्हणणार नाहीत, म्हणून आपणच समजून घ्यायचं."

सई रडली. "बट ही नेव्हर सेड एनिथिंग, बाबा."

"ते कसे सांगतील? मानी आहेत. तू विषय काढू नको, त्यांना वाईट वाटेल."

हेच मी वेस्लीच्या आईला आणि अर्लनाही फोन करून सांगितलं. अर्लनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मला बोलला नाही तो." मी म्हटलं, तुम्हालाच कसं सांगतील, सकाळच्या कॉफीला तुम्हीही विषय काढू नका.

काकांना सांगायचं मात्र मी टाळत राहिलो. दर रविवारी त्यांचा फोटो यायचा. बोटभर रोपं. मग गुडघाभर. मग पहिली कळी, आणि तिच्याशेजारी मापाला ठेवलेला त्यांचा अंगठा. मी लिहायचो, 'मस्त काका!' आणि वर एक अंगठा पाठवायचो. असे चार रविवार गेले. शेवटी त्यांचाच फोन आला. तोरणं किती लागतील, दारं दोन आहेत की तीन धरायची, असं विचारत होते. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो.

"काका, एक सांगायचं होतं. जरा बदल झालाय. ते... वेस्लीच्या घरच्यांना हॉटेल हवंय."

मला हे वाक्य आधी सुचलेलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं. 'घरच्यांना' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे फार तर वेस्लीची आई होती.

काकांनी विचारलं, "अर्लला पण?"

इथं मला थांबता आलं असतं. अजूनही मी रात्रंदिवस त्या एका क्षणात जाऊन उभा राहतो. नाही काका, अर्लना नाही, मलाच, मला लाज वाटली, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मला एक कचकचीत शिवी दिली असती आणि संपलं असतं.

मी म्हटलं, "हो, म्हणजे... सगळ्यांनाच."

"बरं," काका म्हणाले. "बरं. पोरं सुखात राहू देत." आणि फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला हॉटेलच्या मॅनेजरनं मला खाली बोलावलं. मागच्या दाराला, जिथं सामानाचे ट्रक लागतात, तिथं काकांचा जुना पिकअप उभा होता आणि मागं टोपल्याच टोपल्या भरून झेंडू. भगवा, पिवळा, दव तसंच. ते सगळं त्यांनी एकट्यानं तोडलं होतं. आम्ही दोघांनी टोपल्या उतरवल्या. लग्नाची पत्रिका त्यांना गेली होती, पण उत्तर आलं नव्हतं.

"काका, आत या ना," मी म्हटलं.

"नको. गाडी नो पार्किंगमध्ये हाय."

डंगरीच्या आत त्यांनी पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी घोटून केली होती. हे मी पाहिलं. आपल्याकडे पहिल्या नकाराला कुणी नकार मानत नाही. पानात पोळी वाढतानासुद्धा आपण तीनदा विचारतो. हात धरून ओढलं असतं तर ते आले असते, हे मला तिथं उभ्याउभ्या कळत होतं. पण आत हॉलमध्ये अर्ल असणार होते. दोघं समोरासमोर आले तर माझं खोटं पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्यांनी गाडी सुरू केली, काच खाली केली आणि म्हणाले, "तोरण सुईदोऱ्यानं ओव. तारेनं फूल काळं पडतं."

लग्न छान झालं. वेळेवर झालं. दोन वाजता हॉल रिकामा करायचा होता, तो दोनला पाच कमी असताना रिकामा झाला. अर्ल कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि सारखे दाराकडे बघत होते. जेवताना माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, "तो कुठाय?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. 'सावधान' झालं तेव्हा भटजींनी माइकवरून सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. एमेन कुणी म्हटलं नाही.

दादा परत जायच्या आदल्या दिवशी डेकवर चहा पीत बसला होता. म्हणाला, "अबे, तो गोठा दाखवला नाही तू. मी तर तुझ्या वहिनीला सांगून ठेवलं होतं का बैठकीत गवतावर बसाचं आहे म्हणून. हॉटेलं काय, नागपुरात पण हायेत."

मी म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना..."

"मी? मी मजाक करून राहिलो होतो बाबू."

त्यानंतर सई आणि वेस्ली गाडीनं चार-पाच तासांवरच्या अ‍ॅशबर्नला गेले. तिला तिथं नोकरी होती आणि त्याला जवळच्या गावात घोड्यांच्या दवाखान्यात. काकांना ती फोन करायची. मला म्हणाली, "काका साउंड्स डिफरंट. नुसतं बरं बरं करतात." मी म्हटलं, वय झालं.

काकांनी पुढची दोन लग्नं कॅन्सल केली. कारण सांगितलं नाही. मी संक्रांतीला मनाचा हिय्या करून गेलो. खिशात तिळगुळाची पुडी होती आणि सांगायची वाक्यं वाटेत गाडीत मोठ्यानं म्हणत गेलो होतो. काका पायरीवर बसले होते. थंडी होती. त्यांच्या शेजारी एकच कप होता. बांधावरची पायवाट, जी तीस वर्षांत गवत उगवलं नाही इतकी तुडवलेली, तिच्यावर पानांचा थर साचला होता.

"अर्ल येत नाहीत का हल्ली?" मी विचारलं. ढोंगच ते.

"आला होता. आपलं फोनवर बोलणं झालं, त्याच्यानंतर दोनदा आला. मी दार उघडलं न्हाई." काकांनी हातातला कप फिरवला. "मातीचा नमुना दर वर्षी तपासावा लागतो. शेतकऱ्यांना मी जन्मभर सांगत आलो. एकदा तपासली, चांगली निघाली, म्हणून भरवशावर ऱ्हायचं नसतंय. मी मात्र एकदा तपासली आन् ऱ्हायलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यालाबी अखेर गोठाच दिसला. असू दे. त्याच्या घरचं कार्य. मी कोण लागतो?"

माझी सगळी वाक्यं तोंडापर्यंत आली होती. मी खिशातली पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"काय रं, म्हणत न्हाईस ते? तिळगूळ घ्या, गोड बोला?" ते जरासं हसले.

मी तेसुद्धा म्हणू शकलो नाही. गुडघेदुखीवरच्या एका तेलाबद्दल काहीतरी बोललो आणि अर्ध्या तासानं निघालो.

मार्चच्या सुरुवातीला काका गोठ्यात शिडीवरून पडले. छपराची फट बुजवत होते. सकाळी सहा-साडेसहाची वेळ असावी, कारण कॉफीचं पाणी चुलीवर आटून भांडं करपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी टपालवाल्या बाईला ते सापडले. खुबा मोडला होता, आणि तीस तास त्या थंड जमिनीवर पडल्यानं न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस हॉस्पिटलात होते. पहिले तीन दिवस शुद्धीत होते. मी रोज जायचो. त्यांना भरवायचो, उशी सारखी करायचो, आणि मनात म्हणायचो, जरा बरे होऊ देत, मग सांगतो. अशा अवस्थेत कशाला त्रास द्यायचा. चौथ्या दिवशी नळ्या लावल्या. मग बोलणं उरलंच नाही.

अर्लना मी कळवलं तेव्हा ते आले. त्या वेळी काकांचे डोळे मिटलेले होते. अर्ल टोपी हातात धरून पायथ्याशी उभे राहिले. जवळ गेले नाहीत. आपण तिथं चालणार आहोत की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

काका गेल्यावर गोठ्यातच सगळे जमले. त्यांनी लग्न लावलेली कितीतरी जोडपी, त्यांची मुलं. सांगावं लागलं नाही, प्रत्येकानं आपापली खुर्ची उचलली. सई भाषण करताना अर्ध्यावर थांबली आणि वेस्लीनं तिचा कागद पुढे वाचला. लोक पांगल्यावर अर्ल मला म्हणाले, जरा चल माझ्याबरोबर. आम्ही गोठ्याच्या मागं गेलो. तिथं झेंडूचा अर्धा एकर तसाच उभा वाळलेला होता, काळ्या काटक्यांचा.

"तू त्याच्या लोकांपैकी आहेस," अर्ल म्हणाले. त्यांचं ते लांबणारं इंग्रजी त्या दिवशी आणखी लांबत होतं. "तुला ठाऊक असेल. मी त्याचं काय वाईट केलं? मी दोनदा दार ठोठावलं. मला वाटलं, म्हातारपणाची लाज वाटत असेल त्याला, झेपत नाही म्हणून. माणसाला एकटं राहायचा हक्क असतो, म्हणून मी तिसऱ्यांदा गेलो नाही." त्यांनी टोपी काढली. "तो सहाला पडला. मी सातला गेलो असतो. तीस वर्षं मी सातला जात होतो."

मग मी सांगितलं. दादाचा फोन, हॉटेल, पार्किंगमधली गाडी, 'अर्लला पण?' हा प्रश्न आणि माझं उत्तर. खुद्द अर्लना काय सांगितलं होतं ते, आणि हॉटेलच्या मागच्या दाराशी काय झालं तेही. काहीही झाकलं नाही. कधी नव्हे ते मी खरं बोलत होतो आणि ते ऐकायला हवं होतं तो माणूस जगात नव्हता.

अर्ल ऐकत राहिले. वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी वाळलेल्या एका झाडाचं बोंड तोडून हातात चुरलं.

"म्हणजे तो असं समजून गेला," ते म्हणाले, "की मी."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नंतर टोपी घातली आणि म्हणाले, "पोरांना सांगू नकोस. त्यांना आपल्या दोघांच्याही टेबलावर जेवायचंय." आणि पायवाटेनं, ती पानं तुडवत, आपल्या घराकडे गेले.

मी पोरांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी गोठ्यातच म्हटलं असतं." एवढंच. गोठा आणि बारा एकर काकांनी मृत्युपत्रात कुणाला ठेवली असेल याची मंडळात चर्चा झाली. ती अर्लच्या नावावर होती. पंधरा वर्षांपूर्वी केलेलं मृत्युपत्र, आणि शेवटच्या त्या सहा महिन्यांतही काकांनी ते बदललं नव्हतं.

गेल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे अर्लकडे जेवायला होतो. वेस्लीची आई, सई, वेस्ली, आम्ही दोघं. अर्लनी प्रार्थना म्हटली, टर्की कापली. साखरपुड्यापासून ते मला 'सन' म्हणायचे, मुलाला म्हणावं तसं, आणि मी पन्नाशीचा असून मला ते फार आवडायचं. त्या दिवशी त्यांनी रताळ्याचं भांडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "थोडं अजून घेणार का, सर?" पाणी देताना सर. कोट देताना सर. दारापर्यंत सोडायला आले, हात मिळवला आणि म्हणाले, "गाडी सावकाश चालवा, सर."

गाडीत सई मागच्या सीटवरून पुढे वाकली. वेस्लीसारखी तीही अर्लना पॉपॉ, म्हणजे आजोबा, म्हणायची. खूश होती.

"बाबा, नोटिस केलंस? पॉपॉ कॉल्स यू सर नाऊ. ही डझन्ट कॉल एनीवन सर. ही मस्ट रिअली रिस्पेक्ट यू."

मी म्हटलं, "हो."